चालता प्रिंटर भंगारात का द्यायचा?

घरात एक प्रिंटर असावा आणि घरातल्या कुणीही, कुठल्याही खोलीतून, मोबाईलवरून किंवा लॅपटॉपवरून त्यावर प्रिंट द्यावी. अपेक्षा एवढीच आहे. ती पूर्ण करताना माणूस रडकुंडीला येतो आणि शेवटी कंटाळून नवा प्रिंटर घेतो. मला या सगळ्याचा मनापासून राग आहे. तो नेमका कशाचा, ते आज सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे, यूएसबीवाला, वाय-फाय नसलेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यंत्र म्हणून अतिशय गुणी आहे. टोनर भरून आणला की मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट, गावच्या जमिनीचा सातबारा, बँकेचे फॉर्म, आईसाठी मोठ्या अक्षरातला हरिपाठ, सगळं बिनतक्रार निघतं. महिनाभर बंद राहिला तरी इंकजेटसारखी शाई वाळायची भीती नाही. कागद ओढणारा रोलर मध्यंतरी बदलला, बाकी पेचकस लावावा लागलेला नाही.

असा प्रिंटर नेटवर्कवर आणायचा तर मध्ये एक छोटा कॉम्प्युटर बसवायचा. तो सगळ्यांची कामं घेतो, रांगेत लावतो आणि प्रिंटरकडे पाठवतो. हाच प्रिंट सर्व्हर. माझ्याकडे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर पडून होता. वीज अगदी कमी खातो, आवाज करत नाही, या कामाला नामी. त्यावर लिनक्स ही विंडोजसारखी पण खुली ऑपरेटिंग सिस्टीम, आणि लिनक्सवर कप्स, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम. हे कप्स मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलं, १९९९ मध्ये ते लोकांच्या हाती आलं, २००२ पासून ॲपलच्या मॅकमध्येही तेच आहे. फुकट, खुलं, आणि इतक्या वर्षांत घासूनपुसून पक्कं झालेलं. ते बसवायला काहीच त्रास झाला नाही, हे आवर्जून सांगतो.

अडलं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं त्या विशिष्ट प्रिंटरच्या भाषेत सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपाशी.

स्वस्त लेझर प्रिंटर स्वस्त का असतो? त्यात पान समजून घेण्याची अक्कल ठेवलेलीच नसते. महागडा प्रिंटर ‘या मापाचं अक्षर इथे काढ’ अशा आज्ञा समजतो. स्वस्त प्रिंटरला मात्र कॉम्प्युटरने अख्खं पान ठिपक्याठिपक्यांत मांडून, दाबून लहान करून द्यावं लागतं, आणि ते कुठल्या पद्धतीने दाबायचं हे कंपनीने स्वतःपुरतं ठरवलेलं असतं. काही प्रिंटर तर त्याहून परावलंबी. एचपी लेझरजेट १०२० आठवतोय? सायबर कॅफेत, वकिलांच्या टेबलावर सगळीकडे दिसायचा. तो दर वेळी सुरू केला की कॉम्प्युटरकडून त्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याला आतून चालवणारा प्रोग्रॅम, पुन्हा चढवावं लागतं, बंद केला की विसरतो.

माझ्या प्रिंटरच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिलाय खरा, पण तो तयार बांधून दिलेला, आत काय आहे ते झाकलेलं, आणि फक्त ३२ बिटच्या इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी. रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा. झालं, तिथेच गाडी थांबली. मूळ कोड खुला असता तर कुणीतरी एआरएमसाठी केव्हाच बांधून दिला असता. कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा बिचारा नम्रपणे म्हणाला, “सर, हे मॉडेल डिसकंटिन्यू झालंय, नवीन वाय-फाय मॉडेलवर ऑफर आहे, पाठवू का डिटेल्स?” त्याच्यावर मी चिडलो नाही. त्याच्या हातात काहीच नव्हतं. पण ज्या माणसांच्या हातात आहे त्यांना विचारावंसं वाटतं, की बाबांनो, मॉडेल बंद केलंत, ड्रायव्हरही सुधारणार नाही, मग त्या ठिपक्यांची मांडणी लपवून आता तुमचं कुठलं धंद्याचं गुपित राखताय?

या गुपितापायी जगभर लोकांनी केवढे कष्ट उपसलेत! प्रिंटरला एक ठिपका छापायला लावायचा, यूएसबीच्या तारेतून काय गेलं ते टिपून ठेवायचं, मग दोन ठिपके, मग एक रेघ, आणि फरक ताडून बघत भाषा उलगडायची. रिक रिचर्डसन यांनी १०२० सारख्या कितीतरी मॉडेलसाठी खुला ड्रायव्हर लिहिला. पीटर डी वाख्टर यांनी ब्रदरच्या प्रिंटरसाठी ‘बीआर-लेझर’ लिहिला. कंपनीने एक कागद प्रसिद्ध केला असता तर ही मेहनत लागलीच नसती. या माणसांविषयी मला फार आदर आहे.

माझ्या मॉडेलसाठी असा ड्रायव्हर नव्हता. स्क्रीन फुटलेला जुना इंटेल लॅपटॉप माळ्यावर होता, तो खाली काढून पायच्या जागी सर्व्हर म्हणून बसवला, ३२ बिटचे लागणारे तुकडे गोळा केले आणि पहिलं पान निघालं. निघालं, पण सातबाऱ्याची तळची ओळ गायब! कारण कागदाचं माप अमेरिकन ‘लेटर’ धरलेलं. लेटरची उंची २७९ मिलिमीटर, आपल्या ए-४ ची २९७. तेवढे अठरा मिलिमीटर गेले. हे माप सर्व्हरवर एकीकडे, ड्रायव्हरमध्ये दुसरीकडे आणि प्रिंट देणाऱ्या लॅपटॉपवर तिसरीकडे, असं प्रत्येक ठिकाणी जाऊन बदलावं लागतं. जगातले बहुतेक देश ए-४ वापरतात, तरी हे आपल्यालाच का निस्तरावं लागतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मग मोबाईल. आईच्या खोलीतल्या फोनला प्रिंटर दिसेना, हॉलमधल्या फोनला दिसे. अशा वेळी लोक ॲप काढून पुन्हा टाकतात, सर्व्हर पुन्हा बसवतात. दुखणं वेगळ्याच ठिकाणी असतं. फोन प्रिंटर शोधतो तो ‘इथे कुणी प्रिंटर आहे का’ असा पुकारा करून. हा पुकारा २२४.०.०.२५१ या खास पत्त्यावर जातो आणि राउटर ओलांडत नाही. आपल्याकडे फायबरवाला एक डबा लावून जातो, आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा राउटर लावतो, आणि नकळत घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडला टाका, पत्ते वाटण्याचं काम पहिल्याकडेच ठेवा, की प्रिंटर दिसतो. सोबत राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून टाका. नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर प्रिंट धाडत बसतं.

लाईटवरून आठवलं. प्रिंट चालू असताना वीज गेली की कप्स पुष्कळदा रांगच थांबवून ठेवतं, वीज आल्यावरही ती थांबलेलीच. घरचे म्हणतात प्रिंटर बिघडला. सेटिंगच्या फाइलमध्ये एररपॉलिसी ‘रिट्राय-जॉब’ करा, ही कटकट संपते. आणि एक कळकळीची विनंती, बाहेरून प्रिंट देता यावी म्हणून राउटरवर ६३१ नंबरचं पोर्ट, म्हणजे कप्सचं नेटवर्कवरचं दार, इंटरनेटला उघडू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या जोडीच्या एका घटकात गंभीर भगदाड सापडलं होतं, तेही याच पोर्टावर ऐकत बसणारं.

ड्रायव्हरच्या या दुखण्यावर उत्तर नाही असं नाही. आयपीपी नावाची, कुठल्याही कंपनीच्या प्रिंटरशी बोलायची खुली भाषा आहे. २०१० च्या शेवटी आलेलं ॲपलचं एअरप्रिंट त्याच पायावर उभं आहे, अँड्रॉइडही आता ती बोलतो. असा प्रिंटर घेतला तर वेगळा ड्रायव्हरच लागत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये जाहीर केलं की कंपन्यांचे जुन्या धर्तीचे नवे ड्रायव्हर विंडोज अपडेटवर घेणं टप्प्याटप्प्याने थांबवणार, आणि कप्सचीही पुढची दिशा तीच आहे. हे चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. फक्त नवी भाषा येताना जुनी यंत्रं वाऱ्यावर सोडू नयेत. पोलाद, काच, मोटर, गिअर असलेली आठ-दहा किलोची वस्तू, तिला काही झालेलं नाही, आणि एका छोट्या प्रोग्रॅमपायी ती ई-कचऱ्यात जाणार, हे मला पाप वाटतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी क्षेत्रं धरली. चांगलं पाऊल आहे. पण दुरुस्ती म्हणजे फक्त सुटे भाग आणि स्क्रू नव्हे. माझी मागणी साधी आहे: ज्या दिवशी कंपनी ड्रायव्हर सुधारणं थांबवेल, त्या दिवशी त्या यंत्राशी बोलायची भाषा तिने जाहीर करावी. बंद झालेल्या मॉडेलच्या बाबतीत तिचं यात काडीचंही नुकसान नाही.

तोवर एवढं करा. नवीन घेणार असाल तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया (अँड्रॉइडवरून विनाड्रायव्हर प्रिंट देता येते याची खूण) लिहिलंय का बघा, नसेल तर दुकानदार कितीही सूट देवो, घेऊ नका. आणि घरात जुना लेझर पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मॉडेल नंबर खाली लिहा. खुला ड्रायव्हर आहे का, ते मी शोधून सांगतो.