‘आता कुणाचे तोंड कोण दाबतो?’ या दाव्याचा प्रतिवाद

मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : माध्यमे समाजाचा आरसा असतात, जे मत कुठेच दिसत नाही ते मुळात कुणाचे नसतेच, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, त्यामुळे गळचेपीची तक्रार खोटी, आणि ज्याच्यात दम आहे तो बोलतोच.

आरशाची गोष्ट तालुक्याच्या वार्ताहराला विचारावी. त्याचे मानधन तुटपुंजे असते, चार पैसे सुटतात ते जाहिरातींच्या कमिशनवर, आणि जाहिराती येतात त्या नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीला, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. मांजरा खोऱ्यातला ऊस कमी करा, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण ज्या पानावर दर हंगामात कारखान्याची अर्धे पान जाहिरात यायची आहे, त्या पानावर हे म्हणणे पाण्याच्या गाडीच्या छायाचित्राइतके मोठे होणार कसे? त्यासाठी कुणी फोन करून धमकावण्याची गरज पडत नाही. काय पाठवायचे नाही हे वार्ताहराला न सांगता कळते. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा पैसे मोजण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नव्हती. तेव्हा निदान नकार तरी उघड होता.

न दिसणारे मत कुणाचेच नसते, हे विधान सर्वांत फसवे आहे, कारण ते परिणामालाच पुरावा मानते. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांना पश्चिम जर्मनीच्या १९६५ च्या निवडणुकीत एक विसंगती आढळली होती : दोन्ही प्रमुख पक्षांना मत देऊ म्हणणारे अनेक महिने जवळपास सारखेच होते, पण ‘जिंकणार कोण’ या प्रश्नावर मात्र एकाच पक्षाचे नाव घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली, आणि शेवटच्या टप्प्यात मतेही तिकडेच झुकली. त्यावरून त्यांनी १९७४ मध्ये मांडणी केली, की एकटे पडण्याच्या भीतीने माणूस वाऱ्याची दिशा पाहतो, ती त्याला बव्हंशी माध्यमांतून कळते, आपण थोडे आहोत असे वाटले की तो गप्प होतो, आणि त्याच्या गप्प राहण्यामुळे समोरची बाजू आहे त्याहून मोठी भासू लागते. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही हे मान्य केले, तरी गप्प बसलेल्यांना सहमत समजण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

मोबाईलने हे चित्र पालटले का? अमेरिकेतील प्यू संस्थेने २०१३ मध्ये, सरकारी पाळतीचे प्रकरण गाजत असताना, पाहणी केली. त्या विषयावर समोरासमोर बोलायला ८६ टक्के लोक तयार होते. फेसबुक आणि ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे लिहायला तयार होते ४२ टक्के. आपल्याकडे तर गटात चुलते असतात, सोसायटीचे चेअरमन असतात, पीककर्जाची फाईल हाताळणारा गटसचिवही असतो. आरक्षणावर आपल्याच समाजाच्या मागणीविषयी शंका असलेला माणूस बांधावर मन मोकळे करील. गटात तो अंगठा दाबून पुढे जातो, कारण स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत पारावर पोचलेला असतो.

राहिला दम. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्याइतकी साधी बाब होती, तरी आधीच पढवून ठेवलेल्या गटाच्या उघड चुकीच्या उत्तराला जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा मान डोलावली. ही सगळी माणसे भित्री होती असे म्हणता येणार नाही, कारण गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी अशा माना डोलावण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जिल्हा आवृत्तीत छापून आलेले एखादे विरोधी पत्र नेमके त्या एका माणसाचे काम करते. मात्र ते छापायचे की टोपलीत टाकायचे हे संपादकीय विभागात ठरते, आणि तिथे पत्र लिहिणाऱ्याच्या दमाला कुणी विचारत नाही.