लिनक्ससाठी फुकट अँटिव्हायरस नाही म्हणे!

व्हॉट्सॲपवर सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: लिनक्सला व्हायरस लागत नाही, म्हणून घरच्या वापरासाठी फुकट अँटिव्हायरस कुणी बनवत नाही, क्लॅमएव्ही नावाचं अँटिव्हायरस आहे, पण ते फक्त विंडोजचे व्हायरस ओळखतं, धास्ती वाटत असेल तर विकतचं घ्या.

"व्हायरस लागत नाही." फ्री डाउनलोड मॅनेजर या फाइली उतरवायच्या प्रोग्रामचं प्रकरण आठवा. २०२० ते २०२२ या काळात त्यांच्या अधिकृत साइटवरून काही जणांना परस्पर दुसरीकडे वळवून लिनक्सचं दूषित डेब पॅकेज (इन्स्टॉल करायची फाइल) दिलं जात होतं. ते पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटच्या फाइली चोरायचं. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने ते उघड केलं २०२३ मध्ये. बहुतेकांच्या मशीनवर अँटिव्हायरस नव्हतंच, मग बोंब कोण मारणार? २०२५ च्या जुलैत आर्च लिनक्सच्या एयूआरमध्येही (वापरकर्त्यांनीच टाकलेल्या पॅकेजांचा साठा) फायरफॉक्स, लिब्रवुल्फ या ब्राउझरांच्या नावांआड दूरनियंत्रणाचा ट्रोजन, म्हणजे वेष बदलून आत शिरणारा मालवेअर, सापडला. दोन्हीकडे आत घेणारे आपणच, सुडोचा (म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार देणाऱ्या कमांडचा) पासवर्ड स्वतःच्या हाताने देऊन.

"फुकट कुणी बनवत नाही." यात अर्धं खरं आहे. सोफॉस कंपनीचं फुकट होतं, ते बंद झालं. पण क्लॅमएव्ही मुक्त स्रोत आहे, २०१३ पासून सिस्को कंपनीकडे आहे आणि उबंटू, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या रिपॉझिटरीत (अधिकृत साठ्यात) एका कमांडवर मिळतं. कॅस्परस्कीनेही २०२४ मध्ये लिनक्ससाठी फुकट तपासणीचं टूल काढलं. ते सांगाल तेव्हाच शोधतं, पहारा देत नाही आणि ताज्या व्याख्यांसाठी (व्हायरस ओळखायच्या खुणांच्या यादीसाठी) दर वेळी नव्याने उतरवावं लागतं.

"क्लॅमएव्ही फक्त विंडोजचे ओळखतं." त्याच्या व्याख्यांत 'युनिक्स.ट्रोजन.मिराई' अशा नावांच्या नोंदी आहेत. मिराई हा लिनक्सवर चालणाऱ्या राउटर-कॅमेऱ्यांना धरणारा २०१६ चा मालवेअर. भर विंडोजच्या मालावर आहे हे खरं. तेही मला वाया वाटत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेला पेनड्राइव्ह पुढे भावाच्या विंडोज लॅपटॉपला लागणार असतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे. इन्स्टॉल केलं की पहारा सुरू झाला, असं लोक समजतात. तसं नसतं. क्लॅमएव्हीचाच फ्रेशक्लॅम हा भाग व्याख्या ताज्या ठेवतो, पण फाइल उघडताक्षणी तपासायची तर क्लॅमोनॅक हा दुसरा भाग वेगळा सुरू करावा लागतो. तो अडवणूकही आपोआप करत नाही, तीही सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. शिवाय पाठीमागे सतत चालणारा क्लॅमडी हा भाग एकटाच १ जीबीहून जास्त रॅम खातो. २ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर (लिनक्स बहुधा तिथेच टाकलेलं असतं) हे झेपत नाही. तिथे क्लॅमस्कॅन या क्लॅमएव्हीच्या कमांडने डाउनलोडचा फोल्डर अधूनमधून तपासावा; त्यालाही व्याख्या लोड करायला रॅम लागते, पण काम संपलं की सोडून देतं.

"विकतचं घ्या." कुठलं? विकतचा बहुतेक माल कंपन्यांच्या सर्व्हरसाठी आहे. ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने तर घरच्या लिनक्ससाठीचं आपलं विकतचं अँटिव्हायरसही गुंडाळलं.