खुलासा: पुढची स्की रुंद म्हणजेच चांगली, असं नाही

पुण्यातल्या रायडर मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘स्नो बाइक करताना पुढची स्की जेवढी रुंद, तेवढी चांगली.’ स्नो बाइक म्हणजे पुढच्या चाकाच्या जागी स्की आणि मागच्या चाकाच्या जागी फिरता पट्टा बसवून बर्फावर चालवायची मोटरसायकल. मेसेजमधलं म्हणणं अर्धंच खरं आहे. ताज्या, भुसभुशीत बर्फात रुंद स्की वर तरंगते, हे बरोबर. पण घट्ट दाबलेल्या बर्फावर गाडी वळते ती स्कीच्या पोटाखालच्या उभ्या धारेमुळे आणि तिच्यात बसवलेल्या कार्बाइडमुळे (म्हणजे धातूसारख्या अतिशय कठीण पदार्थामुळे). ते झिजून गुळगुळीत झालं की हँडल वळतं, गाडी मात्र सरळच जाते! म्हणून जुनी स्की घेताना ती उलटी करून बघाच. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना) बसणारं स्कीचं फिटिंगही आपल्याच मॉडेलचं हवं; इथे गॅरेजमध्ये वॉशर घालून भागवू नका, कळकळीने सांगतो. आणि पुढच्या चाकाबरोबर पुढचा ब्रेकही जातो, हे त्या मेसेजमध्ये नाहीच.