रुक्मी दारापाशी बसला आहे

गेल्या रविवारी अमरावतीतल्या एका मंगल कार्यालयात आमच्या दहावीच्या वर्गाचे ३० वर्षांनंतरचे स्नेहमीलन होते आणि घरची गाडी नवरा घेऊन गेल्यामुळे मला दादाच्या स्कूटरवर मागे बसून जावे लागले. मी ४५ वर्षांची आहे, माझी मुलगी बारावीत आहे आणि मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. तरीही दादा मला फाटकापाशी सोडून परत गेला नाही. "पाच मिनिटं बसतो," असे म्हणून त्याने दाराशेजारची प्लॅस्टिकची खुर्ची अशा बेताने वळवून घेतली की आत येणारा प्रत्येक पुरुष त्याच्या नजरेखालूनच पुढे जावा.

थोड्या वेळाने एक टक्कल पडलेला गृहस्थ आइस्क्रीमच्या दोन वाट्या घेऊन माझ्याकडे आला. एक वाटी त्याने माझ्या हातात दिली आणि "ओळखलंस का?" असे विचारले. मी तोंड उघडण्यापूर्वीच दादा खुर्चीसकट जवळ आला होता.

"आपण?"

त्याने नाव सांगितले.

"नाव कळलं. काम काय होतं?"

"काम काही नाही, आम्ही एका वर्गात होतो. दहावी ब."

"तेव्हा बोलत होता का?"

"तेव्हा..." तो माझ्याकडे पाहत अडखळला. "तेव्हा फारसं बोलणं झालं नाही."

"मग आता एवढं काय साचलंय?"

या प्रश्नाला जगात कोणाकडेही उत्तर नसावे. त्या गृहस्थाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, दादाला नीट न्याहाळले आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "दादा, तुम्ही ते राखीवाले ना?"

होय, तोच तो. १९९५ च्या पावसाळ्यात हा मुलगा तीन दिवस शाळा सुटल्यावर माझ्या बाजूने सायकल हातात धरून चौकापर्यंत चालत आला होता. त्या तीन दिवसांत आमच्यात भूमितीतल्या एका प्रमेयाखेरीज कोणताही विषय निघाला नाही. चौथ्या दिवशी राखीपौर्णिमा होती. त्या दिवशी वर्गातले निम्मे मुलगे कोणाची तरी राखी हातावर पडेल या भीतीने घरी राहत असत. हा बिचारा मात्र आला. दादा फाटकावर स्पंजची बशीएवढी राखी घेऊन उभा होता. माझ्या मानलेल्या भावाची निवड माझ्या सख्ख्या भावाने केली, मी फक्त गाठ मारली.

आमच्या गावाला या प्रकाराची परंपरा आहे, हे दादाच्या बाजूने सांगितले पाहिजे. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या, कौंडिण्यपूर आमच्याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी आणि कृष्णाने तिला जिथून पळवून नेले ते अंबादेवीचे देऊळ शहराच्या मध्यभागी, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा भाऊ रुक्मी याने तिच्या वतीने शिशुपाल पसंत करून ठेवला होता. तिने पत्र लिहून कृष्णाला बोलावले, रुक्मी पाठलागावर निघाला आणि कृष्णाने त्याचे केस व मिशा अर्धवट भादरून त्याला सोडून दिले. त्या अवस्थेत घरी परतणे अशक्य झाल्यामुळे त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसवले. ते म्हणजे आमच्या जवळची भातकुली, असे इकडचे लोक मानतात. दादा दर नवरात्रात अंबादेवीला जातो आणि मिशा शाबूत घेऊन परत येतो. या कथेवर एकनाथांनी काशीत शके १४९३ मध्ये 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले आणि लग्न लांबलेल्या मुलींनी त्याचे पारायण करावे अशी रीत पडली. माझे लग्न जमेना तेव्हा ती पोथी मलाही वाचायला लावली गेली. भावाच्या हातावर तुरी देऊन पळालेल्या मुलीची ती गोष्ट माझ्यासमोर चौरंगावर कोणी आणून ठेवली असेल, तर दादानेच.

इथपर्यंत मी हसून सांगते, पण दहावीची शिकवणी आठवली की माझे हसू आटते. बीजगणिताचा वर्ग संध्याकाळी सात वाजता असे आणि तो सायकलवाला मुलगाही त्याच वर्गाला येत असे. त्यामुळे माझी शिकवणी दिवाळीनंतर बंद झाली. आईबाबांनी दादाचे ऐकले; मला कोणी काही विचारले नाही. बोर्डाच्या परीक्षेत गणितात १५० पैकी ७१ गुण मिळाले, तेव्हा दादाच सर्वांना सांगत फिरला की हिचे मुळात लक्षच नसते. त्याच वर्षी तो स्वतः मागच्या गल्लीतल्या एका मुलीला चार-चार पानी पत्रे लिहीत होता आणि ती पोहोचवण्याचे काम माझ्याकडे होते. संध्याकाळी सात वाजता, अंधारातून, एकटीने. त्या वेळी माझ्या संरक्षणाचा प्रश्न कोणाला पडला नाही.

असो. मंगल कार्यालयात त्या राखीबंधूची रक्त तपासण्याची प्रयोगशाळा असल्याचे निघाले आणि दादाची नजर तत्काळ निवळली. उपाशीपोटीची साखर किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी कधी काढली, अशी चौकशी सुरू झाली. बोलता बोलता दादाने माझ्या हातातली वाटी घेतली, दोन चमचे खाल्ले, "दादा, हे तुम्हाला चालणार नाही," असे ऐकल्यावर ती वितळलेली वाटी निमूटपणे मला परत दिली आणि दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. ज्याने मला ओळखलेस का म्हणून विचारले होते, त्याला मी उत्तर दिले आहे की नाही हे पाहायला कोणालाच सवड नव्हती.

काल दादा तपासणीचा अहवाल आणायला त्याच्याकडे गेला होता. परत आल्यावर चहा घेताना म्हणाला, "तो विचारत होता, तुझं कसं चाललंय म्हणून. मी सांगितलं, बरं चाललंय."