सरळमार्गी माणसाची तिरकी झोप

जाहिरातीतला माणूस हॅमॉकमध्ये नेहमी दुपारी पहुडलेला असतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. छातीवर उघडे पुस्तक आणि चेहऱ्यावर कर्ज फिटल्याचे समाधान अशा थाटात तासभर कोणीही पडून राहील. खरा प्रश्न असतो तो त्याच झोळीत, उघड्यावर, अख्खी रात्र काढण्याचा.

माझ्यासारख्या सरळमार्गी माणसाची अडचण अशी, की हॅमॉकला सरळपणाचेच वावडे आहे. खाटेचे संस्कार झालेला माणूस तो दोन झाडांमध्ये होता होईल तेवढा ताणून बांधतो, आणि आत शिरताच दोन्ही काठ जवळ येऊन त्याचे खांदे आवळू लागतात. जाणकार सांगतात, की पट्टे जमिनीशी साधारण 30 अंशांचा कोन करतील इतके सैल सोडावेत. त्या कोनात प्रत्येक पट्ट्यावर झोपणाऱ्याच्या वजनाएवढाच ताण येतो. कोन 10 अंशांवर आणला की तो जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे पट्ट्याच्या लेखी मी एकटा नसून तिघे जण असतो. शिवाय पायांकडची बाजू थोडी उंच हवी, आणि मुख्य म्हणजे झोपायचे ते तिरके. मध्यरेषेवर झोपल्यास शरीराचे केळे होते. कर्णावर झोपल्यास कापड बरेचसे सपाट होऊन पाठ खरोखरच सुखावते. वाकडे वागून एवढा फायदा मला आयुष्यात अन्यत्र कुठे झालेला नाही.

मग पाठीकडून थंडी येते. स्लीपिंग बॅगमधली ऊब तिच्यात अडकलेल्या हवेची असते. अंगाखाली ती चेपली गेली, की खालून वाहणारा वारा थेट चौकशीला येतो. यावर उपाय म्हणजे एक जाड रजई हॅमॉकच्या खाली, बाहेरून टांगणे. पातळ कापडातून खालून चावणारे डासही तिच्यामुळे हताश होतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण इथे अंथरूण दिसतच नाही.

झुलण्याने झोप लवकर लागते, याला शास्त्राचा आधार आहे. जिनिव्हातील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हलत्या खाटेवरची माणसे स्थिर खाटेवरच्यापेक्षा लवकर झोपी गेली. मात्र ती खाट सपाट होती आणि डुलकी 45 मिनिटांची, त्यामुळे मध्यरात्री लघवीला उठण्याचा प्रसंग त्या भाग्यवंतांवर आला नसावा. माझ्यावर तो हटकून येतो. आधी अंधारात मच्छरदाणीची चेन शोधायची, मग बॅगमधून पाय सोडवायचे, मग आडवे बसून चपला चाचपायच्या. आणि एवढे करून परत आल्यावर डोके डाव्या अंगाला होते की उजव्या, हेच आठवत नाही. अंदाजाने आडवे व्हावे, तर मी एका कर्णावर आणि रजई दुसऱ्या कर्णावर, अशी आम्ही पहाटेपर्यंत वेगवेगळी झोपतो.