दर रविवारी रालामंडळ

"रालामंडळला मी दर रविवारी जातो," हे वाक्य मी कोथरूडमध्ये बोललो होतो. तीन वर्षांपूर्वी, साडूभाऊंच्या घरी, श्रीखंडाची दुसरी वाटी संपवताना. साडूभाऊ तेव्हा देहाने सोफ्यावर आणि जिभेने सिंहगडावर होते. पाचला घर सोडायचं, पायथ्यापासून पायी वर, दही-ताक, साडेनवाला घरी अंघोळ. एवढं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या इंदूरला चढण्यासारखं काही आहे का हो? की सगळं सपाटच?"

हा प्रश्न भूगोलाचा नव्हता, होळकरांच्या अब्रूचा होता. मी इंदूरजवळच्या रालामंडळ टेकडीचं नाव घेऊन दौलतीची बाजू राखली. इंदूर-पुणे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि एवढ्या अंतरावर मारलेली थाप सहसा पचते.

ही पचली नाही. मागच्या नोव्हेंबरात मेव्हणी आणि साडूभाऊ चार दिवसांसाठी आले. शनिवारी रात्री मी त्यांना सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत नेलं. समोर गराडूचे कंद तळले जात होते, वरून जीरावन मसाला पडत होता, आणि साडूभाऊ पाण्याची बाटली हातात धरून उभे. म्हणाले, "नको, उद्या चढायचंय. उद्या रविवार, तुमचं रालामंडळ!"

माझ्या हातातलं भुट्ट्याचं कीस हातातच राहिलं. मी आशेने बायकोकडे पाहिलं. एवीतेवी माझ्या गुडघ्यांची कहाणी दुधवाल्यालासुद्धा सांगणारी ही बाई म्हणाली, "हो ना, एक रविवार चुकवत नाहीत हो!" पंचवीस वर्षांच्या संसाराची वसुली तिने एका वाक्यात केली.

खरी गोष्ट अशी की मी रालामंडळला आयुष्यात एकदा गेलो होतो, आठवीच्या सहलीला. ते अभयारण्य जाहीर झालं 1989 साली. म्हणजे आमची शेवटची गाठभेट ती नुसती टेकडी होती तेव्हाची. सहलीतलं आठवतं ते एवढंच, की माझा पुरी-भाजीचा डबा दुसऱ्याच कोणीतरी खाल्ला होता.

त्या रात्री पांघरुणात फोन घेऊन मी अभ्यास केला. होळकरांच्या शिकारीची ही टेकडी. माथ्यावर 1905 साली बांधलेली शिकारगाह, म्हणजे शिकारीचा बंगला. अभयारण्याचा पसारा जेमतेम 235 हेक्टर, म्हणजे वाघाने आळस दिला तर शेपूट बाहेर यावं एवढा. समुद्रसपाटीपासून उंची 782 मीटर. हा आकडा वाचून छाती फुगली. सिंहगड 1312 म्हणजे आपण काही अगदीच खड्ड्यात नाही. मग लक्षात आलं की इंदूर स्वतःच साडेपाचशे मीटरवर बसलेलं आहे. म्हणजे उंचीचा मोठा हिस्सा मी जन्मतःच चढून आलेलो होतो. उरले सव्वादोनशे. माणूस झोपी जायला हा आकडा पुरेसा दिलासादायक आहे, पण तेवढ्यात बूट आठवले.

बूट होते. सहा वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले "चालत जा", म्हणून त्याच संध्याकाळी महागातले चालायचे बूट घेतले होते. दुकानात या आरशापासून त्या आरशापर्यंत चाललो होतो, तेवढंच. पुढे ते खोक्यात आणि खोकं कपाटावर. दर रविवारी चढणाऱ्या माणसाचे बूट असे गुळगुळीत असून कसं चालेल? रात्री एक वाजता मी तुळशीच्या कुंडीतली काळी माती पाण्यात कालवून दोन्ही बुटांना प्रेमाने सारवली. बायको अंधारात म्हणाली, "तळालाही लावा." मी दुर्लक्ष केलं. ही चूक पुढे महागात पडली.

पहाटे साडेपाचला साडूभाऊ तयार. टोपी, पाठपिशवी, हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. मी म्हटलं, वाटेत पोहे खाऊन जाऊ. तर म्हणाले, "रिकाम्या पोटी चढायचं असतं." इंदूरच्या माणसाला हे वाक्य म्हणजे रिकाम्या नळाखाली बादली लावण्यासारखं. आमच्याकडे पहाटेपासून कोपऱ्याकोपऱ्यावर पोह्यांची परात पाण्याच्या वाफेवर बसते. शेव, कांदा, जीरावन, बाजूला जिलबी, आणि मग सूर्य. या क्रमात फेरफार करण्याचा अधिकार कोणाला आहे असं मला वाटत नाही. तरी गाडीच्या काचेतून चार ठिकाणची वाफ डोळ्यांनी खात आम्ही बायपास ओलांडला.

फाटकाजवळ तिकीट काढलं. तिथल्या चौकीदाराने ओळखीचं हसावं म्हणून मी त्याला लांबूनच हात केला. त्याने मागे वळून पाहिलं, कोणाला केला ते. साडूभाऊ तेव्हा नशिबाने काठीची लांबी जुळवत होते.

वर जायला चांगला गाडीरस्ता आहे. सकाळी फिरायला आलेली शहाणी माणसं, त्यात सत्तरीच्या दोन आजी, त्या रस्त्याने गप्पा मारत निघाल्या. मीही निघालो. साडूभाऊ म्हणाले, "छे! रस्त्याने काय जायचं? तुमची नेहमीची पायवाट दाखवा." झाडीत एक पगडंडी शिरताना दिसली. मी तिच्याकडे सासुरवाशीण माहेरच्या अंगणाकडे पाहते तसं पाहिलं आणि म्हणालो, "ही काय."

पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. बोलणं चालू होतं, माझं. मग फक्त त्यांचं चालू राहिलं. त्यांचा झाडांचा अभ्यास दांडगा. साग, बाभूळ, बांबू, एकेक दाखवत चालले होते. एका झाडाशी थांबून म्हणाले, "हे कोणतं सांगा बरं?" पानं मोठी, जाड. मी श्वास गोळा करून म्हटलं, "साग."

"पळस आहे हो. पानं मोजा."

मोजली. तीनच. आठवड्यातून दोनदा कुठल्या ना कुठल्या सरकारी कचेरीबद्दल "कुठेही जा, पळसाला पानं तीनच" म्हणणारा मी. झाड समोर उभं राहिलं तर ओळख दाखवली नाही. त्यालाही वाईट वाटलं असणार.

पुढे वाट फुटली. एक डावीकडे, एक उजवीकडे. साडूभाऊ आदराने थांबले, कारण वाटाड्या मी. उजवीकडची चढत होती, डावीकडची चक्क उतरत होती. मी अनुभवी माणसाच्या थाटात दोन्हींकडे पाहिलं आणि डावीकडची घेतली. सात मिनिटांनी ती एका कुंपणाला जाऊन टेकली आणि संपली. पलीकडे शेत, शेतात गहू, गव्हात एक बगळा. बगळा आमच्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "इथे मी दर वेळी जरा थांबतो."

"का?"

"शांत वाटतं."

साडूभाऊंनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायले. त्यांचा पाण्याचा हिशेब ठरलेला होता, अर्ध्या तासाला दोन घोट. माझी बाटली पहिल्या चढावरच संपली होती. मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. ज्याने म्हटलं तो सपाटीवरून चालला असावा. त्या पगडंडीवर रोटीचा पत्ता नव्हता आणि नीर होतं ते सगळं माझ्या सदऱ्यात.

परत फाट्यापाशी येऊन उजवीकडची धरली. पावसाळ्यातलं गवत वाळलं होतं आणि त्याची कुसळं आमची वाटच पाहत होती. पायमोजे, पँट, आणखी वर. कुसळाची रचना अशी की ते पुढे जातं, मागे येत नाही. साडूभाऊंच्या स्वभावाचं. एक त्यांच्याही बाहीला लागलेलं मला दिसलं आणि मी ते मोठ्या आनंदाने दाखवलं. ते म्हणाले, "दुसऱ्याचं कुसळ बरोबर दिसतं माणसाला." माझ्या अंगावर तेव्हा दीडशे तरी असतील.

आणि मग खसखस असा आवाज आला.

घाणेरीच्या झुडपामागे, सागाच्या वाळक्या पानांवर, कोणीतरी पाय टाकत होतं. सागाचं पान वाळलं की पापडासारखं वाजतं. रालामंडळात बिबट्या दिसल्याच्या बातम्या मी वाचलेल्या होत्या, खरं तर आदल्या रात्रीच वाचल्या होत्या, एकामागून एक. मी साडूभाऊंचा दंड धरला. त्यांनी माझा धरला. शिट्टी त्यांच्या तोंडात गेली, पण फुंकायला लागणारी हवा दोघांकडेही नव्हती. झुडूप हललं आणि आतून एक, दोन, चार, सहा मातकट पक्षी पानं उचकटत बाहेर आले आणि आमच्याकडे पाहून सगळे एकदम बोलू लागले.

"सातभाई," साडूभाऊ शिट्टी काढून म्हणाले.

थव्याने राहायचं, एकाच वेळी सगळ्यांनी बोलायचं, कोणी कोणाचं ऐकायचं नाही. मला सासुरवाडीची तीव्र आठवण झाली. साडूभाऊंनाही झाली असावी, कारण त्या दिवसात पहिल्यांदाच आम्ही दोघं एकदम हसलो. सासुरवाडी एक असली की माणसं अशी अवचित जवळ येतात.

बूट तिथून पन्नास पावलांवर गेला. गेला म्हणजे डाव्या पायाखाली फस्‌ असा आवाज झाला आणि तळवा मागे वाटेवर राहिला. खाली पाहतो तर बुटाच्या पोटातून पिवळट भुगा सांडत होता. साडूभाऊंनी भुगा चिमटीत घेऊन, वैद्याने भस्म तपासावं तसा तपासला. म्हणाले, "हा फेस असाच असतो. वर्षानुवर्षं न वापरता ठेवला की हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. रोज वापरलेला टिकतो." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तुम्ही तर दर रविवारी..."

"पावसाळ्यात भिजले फार," मी म्हणालो.

उजव्याने डाव्याला दहा मिनिटांत गाठलं. साडूभाऊंच्या पिशवीत नायलॉनची दोरी निघाली. त्यांनी दोन्ही तळवे माझ्या पायांना, वाण्याने पुडा बांधावा तसे, आडवे-उभे बांधले. तरी टाचेकडून ते सुटत आणि पावलागणिक फटक-फटक वाजत. एकादशी नव्हती, नाहीतर मागून आणखी चार माणसं दिंडी समजून आली असती.

अशा वाद्यांच्या गजरात आम्ही शिकारगाहेपाशी पोचलो. त्या दोन आजी केव्हाच पोचून पेरू खात होत्या. एकीने माझ्या पायांकडे पाहून दुसरीला विचारलं, "नवस असेल का गं?" मराठीच निघाल्या. इंदुरात माणसाची फजिती कधीच परक्या भाषेत होत नाही.

इमारत मात्र देखणी. आत आता वन्यप्राण्यांचं संग्रहालय आहे, म्हणजे पूर्वी ज्यांना मारायला इथे येत त्यांची माहिती वाचायला आता येतात. 1905 साली गादीवर तुकोजीराव तिसरे होते, वय पंधराच्या आसपास, कारभार रीजन्सी कौन्सिलकडे, म्हणजे राजा वयात येईपर्यंत राज्य सांभाळणाऱ्या मंडळाकडे. महाराज वर कसे येत असतील याबद्दल माझं एक ठाम मत झालेलं आहे, ते म्हणजे चालत नाही. पंधराव्या वर्षी डोंगरमाथ्यावर बंगला असणं वेगळं. आमचे चिरंजीव त्या वयात कपाटाच्या माथ्यावरचं खोकं काढायलाही तयार नसत. इथे शिकार बंद होऊन खूप वर्षं झाली म्हणतात. माझी अवस्था पाहता, पूर्ण बंद झालेली नाही.

वरून सगळं इंदूर दिसत होतं, सकाळच्या धुरकट उन्हात पसरलेलं. साडूभाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छान आहे हो तुमची जागा." त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल खरोखरच माया वाटली, आणि थापेबद्दल किंचित लाज. पण पोटात काही नव्हतं, आणि रिकाम्या पोटी कबुलीजबाब देऊ नये.

खाली गाडीरस्त्याने आलो. त्यातला अर्धा रस्ता मी तळवे हातात घेऊन चाललो. वाटेत ते टाकायचं मनातही आलं नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या गावात राहिलं की माणसाच्या हातून कचरा सुटत नाही, जीव सुटेल. नंतर पोह्यांच्या तीन प्लेटी झाल्या. साडूभाऊंच्या चार. त्यांनी जिलबी मागून घेतली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली. बूट आणि तळवे घेऊन मी फाटकाशी गेलो. ओल्यात नाही हे नक्की, पण सुक्यात की प्लास्टिकमध्ये यावर बायकोचं आणि माझं एकमत होईना. साडूभाऊ वर गच्चीत चहा पीत ऐकत होते. शेवटी गाडीवरच्या पोऱ्याने तळवा माझ्या हातातून घेतला, उलटा केला, उन्हात धरला. नक्षी दुकानातल्यासारखी कोरी करकरीत. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गाण्याच्या वर आवाज काढून विचारलं,

"भिया, ये तो एकदम नवा है! चले नहीं क्या?"

गच्चीतून कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.