मालकांनी ओतले म्हणे!

आज २८ ऑगस्ट २०२५. काल चतुर्थी. सकाळपासून बाप्पा, मोदक, पाहुणे, आरती, त्यात मागच्या मंडळाचे ढोल रात्री उशिरापर्यंत. ही म्हणाली, आज तरी मोबाईल ठेवून झोपा. पण साडेबाराला आपल्या मँचेस्टर युनायटेडची मॅच होती. कॅराबाओ कप (इंग्लंडचा लीग कप), समोर ग्रिम्सबी, म्हणजे इंग्लंडमधला चौथ्या पातळीवरचा संघ. म्हटलं हाफटाइमपर्यंत बघू, तीन-चार गोल होतील, मग आडवं होऊ.

तिसाव्या मिनिटाला ०-२. आपण शून्य, ते दोन!

पुढचं तुम्हाला माहीत आहे. एम्ब्यूमोने एक परत केला, मॅग्वायरने ८९व्या मिनिटाला डोकं घालून बरोबरी केली, आणि मग ते न संपणारं शूटआउट. १२-११. एम्ब्यूमोचा शेवटचा फटका क्रॉसबारवर. आपले मॅनेजर आमोरिम साहेब पेनल्ट्या बघतसुद्धा नव्हते, त्याआधी मॅच चालू असताना डगआउटमध्ये बसून डावपेचांच्या बोर्डावरचे मोहरे इकडून तिकडे सरकवत होते. पहाटे तीनच्या सुमाराला मी हॉलमध्ये बाप्पासमोर सतरंजीवर बसलेलो, समई शांतपणे तेवतेय, आणि तोंडात येणाऱ्या शिव्या गिळतोय, कारण घरात गणपती आहे.

हरलो त्याचा राग नाही. खरंच नाही. ग्रिम्सबीची पोरं जीव तोडून खेळली. फुगवलेले रबरी मासे घेऊन स्टेडियममध्ये येणारी मासेमारी बंदरातली माणसं, त्यांच्या मैदानात नऊएक हजार माणूस मावतो, त्यांना आयुष्यभर सांगायला एक रात्र मिळाली. मिळू दे.

राग आला सकाळी. आपल्या नाशिकच्या युनायटेडवाल्यांच्या ग्रुपवर एका शहाण्याने लिहिलं, ‘मालक तरी अजून काय करणार? दोनशे मिलियन ओतले की यंदा!’ आणि त्याखाली अंगठ्यांची ही रांग. आपल्याच माणसांचे अंगठे.

ओतले? कुणाच्या खिशातून ओतले रे?

ज्यांनी २००८ नंतर मॅच बघायला सुरुवात केली त्यांच्यासाठी एकदाच सांगतो. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला, साधारण ७९० मिलियन पाउंडांना. त्यातले बहुतेक पैसे उसने. आणि ते कर्ज बसवलं क्लबच्याच डोक्यावर, ज्या क्लबवर १९३१ पासून कर्ज नव्हतं. म्हणजे असं समजा, तुमचं राहतं घर मी विकत घेतो, माझ्याकडे पैसे नाहीत, म्हणून तुमच्याच घरावर बँकेतून कर्ज उचलतो आणि हप्ते भरायचे तुम्ही. वर दर दिवाळीला मी येऊन तुमच्याकडूनच ओवाळणी घेऊन जाणार. त्यातलं काही कर्ज तर हेज फंडांचं होतं, १४.२५ टक्के व्याजाने, पुढे तेच १६.२५ झालं. आपल्याकडे याला पठाणी व्याज म्हणतात. तिकडे याला बिझनेस म्हणतात.

आजवर व्याज, कर्जाचे खर्च आणि लाभांश मिळून एक अब्ज पाउंडांच्या वर क्लबमधून बाहेर गेलेत. गेलेत, आलेले नाहीत. आणि मूळ मुद्दल? ६५० मिलियन डॉलर अजून जागच्या जागी. वीस वर्षं झाली.

आता सातपूरचं सांगतो. माझ्या जवळच्यांना ही गोष्ट पाठ आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

मी ज्या कंपनीत लागलो त्याच कंपनीत बाबांनी उभी हयात काढली होती. नाव घेत नाही. एमआयडीसीतली चांगली चालणारी कंपनी, ऑर्डरी भरपूर, दिवाळीचा बोनस वेळेवर. कॅन्टीन तर असं की दुसऱ्या कंपनीतले लोक ओळख काढून जेवायला यायचे. गुरुवारी शिरा असायचा, वेलदोडा घातलेला, आणि कॅन्टीनवाले मामा तो मोठ्या उलथन्याने ताटात असा आपटायचे की आवाजावरून कळायचं आज गुरुवार. सेकंड शिफ्टच्या पोरांसाठी ते भाकऱ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे. मग कंपनी विकली गेली. नवीन मालकांनी कंपनीच्याच जमिनीवर आणि मशिनींवर कर्ज काढून कंपनी घेतली, हे आम्हाला नंतर अकाउंट्समधल्या एकाने सांगितलं. वर्षभरात नोटीस लागली. ‘खर्चात काटकसर.’ पहिलं काय बंद केलं? कॅन्टीन. त्याऐवजी चहाचं एक मशीन आणि प्रत्येकाला एक बिस्किटाचा पुडा. त्याच महिन्यात ऑफिसच्या मजल्यावर काचेच्या नव्या केबिनी झाल्या.

आता हे वाचा. जिम रॅटक्लिफ आले, २०२४ च्या फेब्रुवारीत पाव हिश्शाहून थोडं जास्त घेऊन. इंग्लंडमधल्या श्रीमंतांतले श्रीमंत. आल्यावर अडीचशे माणसं घरी, मग २०२५ मध्ये आणखी दोनशेपर्यंत जातील अशी घोषणा. सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं, म्हणजे आपल्या जुन्या मॅनेजरचं, क्लबचा राजदूत म्हणून जे वर्षाचं मानधन होतं तेही बंद. फर्ग्युसनचं! आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे आपल्या मैदानावरच्या, कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद, त्याऐवजी फळं.

फळं. बिस्किटाचा पुडा. ती बातमी वाचली तेव्हा मी अंबडला लंच टाइममध्ये डबा उघडून बसलो होतो, घास घशात अडकला. सातासमुद्रापलीकडे तोच पिक्चर, फक्त केबिनीच्या जागी सेंटर फॉरवर्ड.

आणि तिकीट! मागच्या सीझनच्या मध्येच उरलेली तिकिटं सरसकट ६६ पाउंडांना केली. लहान पोरांना सवलत नव्हती, म्हाताऱ्यांना सवलत नव्हती. ज्या आजोबांनी मॅट बस्बी मॅनेजर असतानाचा काळ पाहिला त्यांनी पूर्ण पैसे भरून काय बघायचं, तर लीगमध्ये पंधरावा नंबर आणि बिल्बाओत टॉटनहॅमकडून हरलेली फायनल. छप्पर गळतं ते वेगळं. मागे आर्सेनलच्या मॅचला स्टँडमधून धबधबा वाहत होता, पावसाळ्यातल्या आमच्या सोमेश्वर धबधब्याला इतकी गर्दी का होते असं म्हणायची सोय राहिली नाही.

बरं, मान्य. ग्लेझर आल्यावर पाच लीग जिंकलो, मॉस्कोत चॅम्पियन्स लीग जिंकलो. जिंकलो ना. ते फर्ग्युसन नावाच्या माणसाने जिंकून दिलं, तो गेला आणि झाकण उडालं.

मुद्दा खरेदीचा. ‘पैसे खर्च करत नाहीत’ असं मी कधीच म्हटलं नाही. करतात. गाढवासारखे करतात. पोग्बाला २०१२ मध्ये फुकट जाऊ दिला, २०१६ मध्ये ८९ मिलियनला परत आणला, जगातला तेव्हाचा सगळ्यात महाग खेळाडू, आणि २०२२ मध्ये परत फुकट सोडला. एकच माणूस दोनदा फुकट! दि मारियाला जवळपास ६० मिलियन देऊन आणला, एका सीझनमध्ये पॅरिसला रवाना. सँचो ७३. अँटनीसाठी ८० च्या वर मोजले, २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला मुख्य संघासोबत सरावालासुद्धा घेत नव्हते. आणि हे सगळं हप्त्यांवर. रॅटक्लिफ स्वतःच मार्चमध्ये बीबीसीला म्हणाले की अँटनी, कॅसेमिरो, ओनाना, हॉयलुंड, सँचो यांचे पैसे या उन्हाळ्यातही भरायचे आहेत. काल गोलमध्ये ओनानाच होता. पहिला गोल ज्याच्या बाजूच्या पोस्टाने आत गेला, तो. चुका रोख आणि पैसे हप्त्याने, असा सगळा कारभार.

यात त्या पोरांचा काय दोष? शेश्कोवर तर मला दयाच येते. बावीस वर्षांचा पोरगा, लायप्झिगहून ६६ मिलियनला आणला, आणि काल पेनल्टीला त्याचा नंबर दहावा! दहावा! स्ट्रायकर आहे तो. ज्या क्लबमध्ये पाय ठेवल्याबरोबर डोक्यावर किमतीची चिठ्ठी लागते तिथे पोरं पाय थरथरत खेळणार नाहीत तर काय. कुन्या चांगला आहे, एम्ब्यूमो चांगला आहे. तिघं मिळून दोनशेच्या घरात. पण ते पैसे ग्लेझरांचे नाहीत, रॅटक्लिफचेही नाहीत. रॅटक्लिफनी हिस्सा घेताना वेगळे ३०० मिलियन डॉलर क्लबमध्ये घातले, हे सांगायला लोक येतीलच, तर हो, घातले, आणि ग्लेझरांपायी वीस वर्षांत बाहेर गेले ते किती पट होते ते वर लिहिलंय. बाकी पैसे तिकिटाचे आहेत, टीव्हीचे आहेत, जर्सीचे आहेत. म्हणजे सिडकोतल्या माझ्या भाच्याचेसुद्धा आहेत, जो गेले काही दिवस ‘मामा, शेश्कोची जर्सी’ म्हणून माझ्या मागे लागलाय.

आमचा लिव्हरपूलवाला सकाळपासून हसतोय. हस बाबा. हिक्स आणि जिलेट विसरलास का? तुमच्याही मालकांनी हेच केलं होतं, कर्ज क्लबवर, २०१० मध्ये कोर्टात जाऊन सुटका झाली तुमची. तुम्ही सुटलात, आम्ही अडकलो, एवढाच फरक. बार्सिलोनावाल्यांनी तर तोंडच उघडू नये. १.३५ अब्ज युरोंची देणी, मेस्सी रडत रडत गेला, आणि पुढच्या वर्षी २५ वर्षांचे टीव्हीचे हक्क पाव हिश्शाने विकून लेव्हान्डोव्स्की. नातवंडांचं उत्पन्न आज विकायचं आणि त्याला ‘पलांका’ (म्हणजे तरफ) असं गोंडस नाव द्यायचं.

जर्मनीत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात ठेवावी लागतात. ५०+१. लायप्झिगसारखे पळवाट काढतात आणि बायर्न जवळजवळ दरवर्षी जिंकतो, हेही खरं. पण तिथे उभं राहून मॅच बघायचं तिकीट कामगाराला परवडतं.

कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, तुला नाशिकमध्ये बसून काय एवढं? मँचेस्टर कधी पाहिलंस का? नाही पाहिलं. आमचं घर तेव्हा दोन खोल्यांचं होतं, बाबांची फर्स्ट शिफ्ट, पहाटे उठायचे. १९९९ ची बायर्नविरुद्धची फायनल मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून पाहिली. शेरिंगहॅमचा गोल झाला तेव्हा मी उशी तोंडात धरली. सोल्शायरचा झाला तेव्हा उशी सुटली. बाबा उठले, वाटलं आता बसते कानाखाली. ते म्हणाले, ‘कोण जिंकलं?’ मी म्हटलं, आपण. ते ‘बरं’ म्हणाले आणि पाणी पिऊन परत झोपले. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मात्र मामांना सांगून आले, की आमचं पोरगं रात्री जिंकलं.

तर माझा संबंध तो आहे. कुणाला पटो न पटो.

जवळचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं घ्या. बालेवाडीला आम्ही नाशिकहून गाडी करून जायचो, एफसी पुणे सिटीसाठी, नारंगी टी-शर्ट घालून, नारायणगावला मिसळ खाऊन. २०१९ मध्ये क्लब गुंडाळला. प्रेक्षकांना विचारलं कुणी? २०२५ मध्ये तर अख्ख्या आयएसएलचंच (इंडियन सुपर लीग) भवितव्य टांगलं होतं, करार कुणाचा, हक्क कुणाचे यावर. मालक येतात, मालक जातात, स्कार्फ आपल्याच कपाटात राहतो.

लोक म्हणतात, मग सोडून दे ना सपोर्ट करणं. २००५ मध्ये काहींनी सोडलंच. त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला, सभासदांच्या मालकीचा, खालच्या लीगमध्ये खेळतो. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. बाकीच्यांनी २०१० मध्ये हिरवे-पिवळे स्कार्फ घातले, न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबच्या मूळ नावाच्या काळातले, जुने रंग. २०२१ मध्ये सुपर लीगचं, म्हणजे मोठ्या क्लबांनी आपली वेगळी लीग काढायचं, ते दोन दिवसांचं पाप बाहेर आल्यावर लोक मैदानात घुसले, लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली. घुसखोरी वाईट, पोलिसाला मार लागला ते वाईटच. पण त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं तितकं नंतरच्या कुठल्या ट्रॉफीने वाटलेलं नाही. आणि आमच्या सातपूरला कॅन्टीन बंद झालं तेव्हा आम्ही काय केलं? युनियनने निवेदन दिलं, आम्ही गेटवर दोन दिवस चहा न पिता उभे राहिलो, आणि तिसऱ्या दिवशी मशीनचा चहा प्यायला रांगेत. मामांनी पुढे आयटीआय सिग्नलच्या अलीकडे गाडी टाकली. पोहे, वडापाव. गुरुवारी शिरा ठेवतात अजून.

आता म्हणे नवं स्टेडियम. एक लाख प्रेक्षक, दोन अब्ज पाउंड. चित्रं एकदम झकास आहेत, वर तंबूसारखं छप्पर. पैसे कुठून आणणार, ते मात्र नीट सांगितलेलं नाही. माझ्यासारख्या सातपूर-रिटर्न माणसाला असलं चित्र दिसलं की पहिला हात खिशावर जातो.

त्या ग्रुपवर मी उत्तर लिहिलं नाही. ॲडमिनने ‘गणपतीत राजकारण नको’ असं टाकलंय. हे राजकारण? ठीक आहे, म्हणून इथे लिहितोय. ज्यांनी अंगठे दिलेत त्यांनी वाचलं असेल अशी आशा. आणि उद्या कुणी आमोरिमला काढा म्हणून सुरू कराल तर जरूर काढा, मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, ओले, टेन हाग, सगळ्यांना काढून झालंय, अजून एक. मालकाला काढा असं लिहायला मात्र कुणाचा अंगठा उठत नाही.

शनिवारी बर्नली आहे, साडेसातला. आरती सातच्या आत उरकायची असं हिला आत्ताच सांगून ठेवलंय, उत्तर काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाच्याला म्हटलं, जर्सी घेऊ, पण दिवाळीला. तोवर शेश्कोने एक तरी गोल मारू दे.